उन्हाळा निभावण्याची घरगुती नियमावली (कुंडल आवृत्ती)

व्याख्येपासून सुरुवात करावी, म्हणजे पुढचे वाद टळतात. हवामान खात्याच्या मते मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० अंशांवर गेले आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वा त्याहून जास्त चढले, की ती उष्णतेची लाट. साडेसहा अंशांच्या आसपास किंवा पुढे गेले, की तीव्र लाट. आमच्या घरची मोजणी निराळी आहे. आण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सकाळी नऊलाच सदरा काढून खुंटीला लावला की लाट. खांद्यावर ओला पंचा टाकून ते "यंदासारखं ऊन जन्मात बघितलं न्हाई" म्हणाले की तीव्र लाट. हे वाक्य दर एप्रिलात येते.

नियम पहिला : घरात उन्हाचा एकच अधिकारी असावा. आमच्याकडे तो नेमावा लागला नाही, त्याने स्वतःच पदभार घेतला. साडेनऊ वाजता उगवतीकडच्या खिडक्या बंद, दुपार कलली की मावळतीकडच्या बंद, पुढचे दार लोटलेले, पडदे ओढलेले. संध्याकाळी अंगणातली फरशी हाताला गरम लागेनाशी झाली की सगळे सताड उघडे, ते पहाटेपर्यंत. आण्णांशी माझे बऱ्याच गोष्टींत जमत नाही, पण हे त्यांचे शंभर टक्के बरोबर आहे. बाहेरची हवा घरातल्यापेक्षा तापलेली असताना खिडकी उघडून "जरा वारं येऊ दे" म्हणणारा माणूस भट्टीचेच दार उघडत असतो. तक्रार एवढीच, की अधिकारी स्वयंपाकघराची खिडकीही बंद करतात. आत गॅसवर तवा, तव्यावर भाकरी आणि समोर मी. माझी लाट कुठल्या व्याख्येत बसते, याचा खुलासा खात्याने केलेला नाही. म्हणून पोटनियम : स्वयंपाकघराची खिडकी सुनेच्या अखत्यारीत राहील. भाकऱ्या आठच्या आत उरकतील. दुपारी गॅस पेटणार नाही. ज्वारीची आंबील, ताक, दहीभात आणि बुक्की मारून फोडलेला कांदा यावर जे भागेल ते भागेल. चहा मागणाऱ्याने स्वतः करून घ्यावा.

नियम दुसरा : माठाचा मान राखावा. माठ पाणी गार करतो तो पाझरून. अंगावर आलेले पाणी उडून जाताना आतली उष्णता घेऊन जाते. म्हणून माठ कोपऱ्यात कोंडू नये, वाऱ्याच्या वाटेवर तिवईवर ठेवावा, भोवती ओले फडके गुंडाळावे. हौसेने त्याच्यावर ऑइलपेंटची वेलबुट्टी काढू नये. भोके बुजतात आणि माठाचा नुसता हंडा होतो. बोअरचे पाणी भरत असाल तर अंगावर क्षारांचे पांढरे पुट चढते. ते काथ्याने घासून काढावे, साबण लावू नये, नाहीतर पुढे बरेच दिवस साबणच प्यावा लागेल. आभाळ भरून आलेल्या दमट दिवशी पाणी गार झाले नाही तर कुंभाराच्या नावाने बोटे मोडू नयेत. हवाच ओली असली की पाणी उडणार कसे?

मे महिन्यात पुण्याहून येणारे पाहुणे माठाचे कौतुक करून फ्रीजमधली बाटली काढतात. काढू द्यावी. परत भरून ठेवायला सांगावे. ठेवत नाहीत.

नियम तिसरा : पंख्याकडून भलती अपेक्षा करू नये. पंखा हवा गार करत नाही, घाम वाळवतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की पारा चाळिशीपार गेल्यावर पंख्याचा वारा उलट अंग तापवतो. आण्णाही ऐन दुपारी पंखा बंद करतात, लाईट बिलासाठी. संघटनेचे आणि त्यांचे एकमत झालेली ही एवढीच बाब.

नियम चौथा : कूलर. आमच्या ह्यांनी कूलर आणला आणि एसी असल्यासारखा खोलीत ठेवून दारे-खिडक्या लावून घेतल्या. तासाभरात गादी दमट, मीठ ओले, माणसे चिकट. कूलरला बाहेरची कोरडी हवा लागते आणि आतली ओली हवा जायला वाट लागते. तो खिडकीत बसवावा, समोरची खिडकी अर्धी उघडावी. पण उघडावी म्हटले की पहिल्या नियमाचा भंग होतो. या कलमावर बापलेकांत अजून तह झालेला नाही.

नियम पाचवा : लाईट गेली तर आधी शेजारी डोकवावे. त्यांचीही गेली असेल तर समाधान मानावे.

नियम सहावा : स्लॅब. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि मध्यरात्रीपर्यंत आपल्या अंगावर सोडतो. यावर साधा उपाय म्हणजे वरून पांढरा चुना. २०१० साली अहमदाबादेत उन्हाने माणसे दगावली. २०१३ मध्ये तिथे उष्मा कृती आराखडा झाला आणि पुढे वस्त्यांमधली छपरे पांढरी करण्याचे कामही निघाले. आमच्याकडे चुन्याची पिशवी आणून ठेवली आहे, पण स्लॅबवर जागा नाही. तिथे कुरडया आहेत, सांडगे आहेत, जुन्या साडीवर पापड आहेत आणि कावळे हाकायला आलटून पालटून एकेक पोर आहे.

म्हणजे ऊन कुणाला तरी हवेच असते. यातूनच उन्हाचा सर्वांत नाजूक नियम निघतो : आमच्या कुंडलात उन्हाला मोठ्याने शिव्या देऊ नयेत. आधी शेजारी कोण बसले आहे ते बघावे. पलूस-तासगाव पट्ट्यात मार्च-एप्रिलात द्राक्षे बेदाण्यासाठी द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर पसरलेली असतात. त्यांना हीच कोरडी, तापलेली हवा लागते. अवकाळीची एक सर आली की बेदाणा काळा पडतो आणि भाव खाली येतो. त्याच वेळी ऊसवाला पाण्यासाठी आभाळाकडे बघत असतो. म्हणजे एकाच कट्ट्यावर एक जण वळीव मागतो आणि दुसरा हात जोडून नको म्हणतो. आण्णांची थोडी बाग आहे आणि थोडा ऊस, त्यामुळे ते दोन्ही म्हणतात.

नियम सातवा : "सोसवत नाही" हे शब्द आण्णांसमोर काढू नयेत. काढले तर इंग्रजांविरुद्ध उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारची गोष्ट सुरू होते. आमचे गाव क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाडांचे. ७ जून १९४३ ला प्रतिसरकारच्या तुफान सेनेच्या पोरांनी शेणोलीजवळ इंग्रजांच्या पगाराचा पैसा नेणारी गाडी अडवली. ती पोरे डोंगर तुडवत गेली, त्यांनी कूलर मागितला होता का, असा प्रश्न येतो. आण्णांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, पण सांगताना घाम त्यांनाच फुटतो. मुकाट्याने पंखा लावावा. त्या वेळी ते बंद करत नाहीत.

नियम आठवा, आणि यात थट्टा नाही. उतारवयात तहान कमी कळते. आण्णांना पाणी हवे का विचारले तर "नको" येते. म्हणून विचारू नये. ताकाचा तांब्या पुढ्यात ठेवून कामाला लागावे, तासाभराने रिकामा तांब्या उचलावा. जुलाब-उलट्यांनी किंवा घामाने माणूस गळाला तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट-घोट पाजावे. पण अंग चटके बसण्याइतके तापले, बोलणे असंबद्ध झाले, माणूस भोवंडला, तर घरगुती काही करत बसू नये. सावलीत घ्यावे, मान-काखा-जांघांत ओली फडकी ठेवावीत, वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये.

आता खरे दुखणे. शेतीची लाईट कधी दिवसाची, कधी रात्रीची. दिवसाची असली की आण्णा जेवण झाल्या झाल्या टोपी घालतात. मोटारीला ऑटो स्टार्टर बसवला आहे, ती आपली आपण चालू होते, हे त्यांना माहीत आहे. तरी "चालू झाली का बघून येतो" म्हणून निघतात, खिशात कांदा घालून. कांद्याने ऊन लागत नाही यावर त्यांचा विश्वास आहे, माझा नाही. दुपारी बारा ते तीन उन्हात जाऊ नका, हे सरकार सांगते, डॉक्टर सांगतात, मी सांगते. आमचे तिघांचे कोणी ऐकत नाही.

तेव्हा घरोघरच्या लेकी-सुनांना एकच विनंती : सांगत बसू नका. जेवणाची ताटे उचलायच्या आधी चपला लपवा.