परत दाखवा बरं

अण्णांना ‘काय, कसं काय?’ असं विचारायचं नसतं. आमच्या सोसायटीच्या रखवालदारालाही हे ठाऊक आहे. अण्णा दिसले की तो सलाम ठोकतो आणि लगेच गेटाकडे तोंड फिरवतो. नवखा कुणी सापडलाच, तर अण्णा उजव्या हाताची दोन बोटं भुवईच्या आतल्या टोकाला टेकवतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, “इथनं निघतं. कपाळावरनं वर चढतं. मग मागनं मानेत उतरतं.” थोडं थांबून, “आत्ता अजून वरच आहे.” म्हणजे ते मानेत उतरेपर्यंत समोरच्यानं उभं राहायचं.

तुमच्याकडेही असतीलच असे कुणी. कापडी पिशवीत एमआरआयची फिल्म, खिशात ड्रॉप्सची बाटली. शहरातले सगळे डॉक्टर त्यांना पाठ असतात, अगदी जिन्याच्या पायऱ्यांसकट. ‘हा कसा आहे हो?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं: “हुशार आहे, पण ऐकून घेत नाही.” ऐकून घेणारा भेटला, तर तो हुशार नसतो.

अण्णांच्या दुखण्याची सुरुवात चष्म्यापासून झाली असा वहिनींचा दावा आहे. चष्म्याची सुरुवात दुखण्यापासून झाली, असा अण्णांचा. दोघंही कंटाळले की मला बोलावतात. म्हणूनच लक्ष्मी रोडवरच्या एका चष्म्याच्या दुकानात मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. आधी त्या यंत्रात हनुवटी टेकवून बघायचं असतं. आत एक सरळ रस्ता आणि टोकाला रंगीत फुगा. तो आधी धूसर दिसतो, मग ठळक होतो. अण्णा यंत्रातून तोंड बाहेर काढून म्हणाले, “फुगा तोच आहे. इतक्या वर्षांत पुढे गेलेला नाही.”

मग नाकावर ती लोखंडी चौकट आली आणि खरा प्रसंग सुरू झाला. ती मुलगी चौकटीत काच घालायची, काढायची आणि विचारायची, “काका, पहिलं बरं दिसतं की दुसरं?” तुम्ही-आम्ही इथे काय करतो? दोन्ही सारखंच दिसत असतं, पण लाज वाटते, म्हणून ‘दुसरं’ म्हणून मोकळे होतो. अण्णा मोकळे होत नाहीत. त्यांना तो प्रश्न न्यायालयातल्या शपथेसारखा वाटतो.

“परत दाखवा बरं.”

तिनं परत दाखवलं.

“पहिल्यात अक्षर जास्त काळं आहे. दुसऱ्यात कडा जास्त रेखीव आहेत. तुम्हाला काय हवंय, काळेपणा की रेखीवपणा?”

“तुम्हाला काय बरं वाटतं ते सांगा ना, काका.”

“तसं नसतं हो ते. परत दाखवा बरं.”

सिलिंडरचा अॅक्सिस 90 की 85 या मुद्द्यावर दुकानातले दिवे लागले आणि बाकावर बसलेलं एक कुटुंब उठून समोरच्या दुकानात गेलं.

हे ‘परत दाखवा बरं’ आलं कुठून, ते सांगायला हवं. अण्णा मुद्रितशोधक. अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या छापखान्यांत त्यांची 35 वर्षं गेली. शिशाच्या खिळ्यांपासून ते मोनोपर्यंत आणि मोनोपासून डीटीपीपर्यंत सगळं त्यांच्या डोळ्यांखालून गेलं, आणि डोळ्यांखालून म्हणजे शब्दशः. पहिलं प्रूफ आलं, चुका काढल्या, दुसरं मागवलं, पहिल्याशी ताडून पाहिलं, तिसरं मागवलं. त्यांच्या लेखी जगात कुठलीच गोष्ट एकदा बघून ‘ठीक’ म्हणायची नसते. आंब्याची पेटी उघडली की परत दाखवा बरं. माझ्या भाचीसाठी आलेल्या स्थळाचा फोटो, परत दाखवा बरं. मुलगा बरा होता, पण पत्रिकेत ‘शिक्षीत’ छापलं होतं. निवडणुकीत मतदान यंत्राशेजारच्या काचेमागे चिठ्ठी 7 सेकंद दिसते आणि डब्यात पडते. पुढचं मी सांगायला नको. केंद्राध्यक्षांनी अण्णांना बाहेर नेलं तेव्हा ते एवढंच म्हणत होते, “अहो, मत बरोबरच दिलंय. मला टाइप बघायचा होता.”

तर त्या दुकानात समोर तक्ता होता. हर्मन स्नेलेन नावाच्या डच डॉक्टरनं 1862 साली असा तक्ता पहिल्यांदा काढला. तो 6 मीटरवर असावा लागतो. दुकान तेवढं लांब नसेल, तर आरशात दाखवतात. तक्ता देवनागरी होता. मुलगी म्हणाली, “तिसरी ओळ वाचा.” अण्णा म्हणाले, “तिसऱ्या ओळीतला ख फुटलाय. र वेगळा, व वेगळा दिसतोय.” तिनं बिचारीनं कार्डावर लिहिलं: एका अक्षराची दोन दिसतात. तेवढ्यावरून अण्णांची रवानगी तिरळेपणाच्या तज्ज्ञाकडे झाली. दोन्ही डोळे नाकाकडे नीट वळतात की नाही हे तिथे बघतात. वळण्यात थोडी कुचराई निघाली आणि व्यायाम मिळाला: पेन्सिल हातभर लांब धरायची, टोकाकडे बघत नाकाकडे आणायची, टोकं दोन दिसली की थांबायचं. अण्णांनी त्यासाठी घरातली लाल पेन्सिल काढली. आठवड्यानं तक्रार घेऊन गेले: पेन्सिल जवळ आली की ती चालवायचा मोह होतो आणि समोर कागद नसतो.

मग पुढची यात्रा. नेत्रतज्ज्ञांनी बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घातले, पडदा तपासला. डोळ्यावर हवेचा फुत्कार सोडून दाब मोजला. 10 ते 21च्या मध्ये आला तर ठीक, अण्णांचा अगदी मध्यावर. “सगळं नॉर्मल आहे.” हे वाक्य डॉक्टरांनी असं आनंदानं सांगितलं की अण्णांचा चेहराच उतरला. घरी ते ‘नॉर्मल आलं’ असं अशा आवाजात सांगतात की लोक चपला काढून आत बसतात. निळा प्रकाश अडवणाऱ्या काचा कुणीतरी महागात गळ्यात मारल्या. 2023च्या कॉक्रेन आढाव्यात असल्या काचांनी डोळ्यांच्या ताणात बहुधा काही फरक पडत नाही असं आलं, तेव्हा ती बातमी मीच त्यांना वाचून दाखवली. ते म्हणाले, “परत वाचा बरं,” आणि मग ‘आढाव्यात’चा ढा दीर्घ लांबवल्याबद्दल मला बोलले.

नाक-कान-घशानं सायनस सांगितला. हाडांच्या डॉक्टरनं मानेचे मणके सांगितले आणि पट्टा दिला. पट्ट्यामुळे मान खाली होईना, म्हणून अण्णा वर्तमानपत्र आडवं हातात धरून डोक्याच्या उंचीवर वाचू लागले. मेंदूच्या डॉक्टरनं एमआरआय काढला. रिपोर्टात मेंदूपुढे ‘अनरिमार्केबल’ असा शेरा होता. अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत.

अण्णांना मनापासून पटले ते एकटे वैद्यबुवा. सुश्रुतानं शिरोरोग 11 आणि नेत्ररोग 76 सांगितलेत हे ऐकल्यावर ते पहिल्यांदा सुखावले. एवढ्यातून एक तरी आपला निघेलच! डोळ्यांभोवती उडदाच्या पिठाचं आळं करून त्यात कोमट तूप ओतलं, नेत्रतर्पण झालं. कपाळाला सुंठ-वेखंडाचा लेप झाला. अर्धशिशी असावी म्हणून सूर्य उगवायच्या आत दूध-जिलबी झाली. जिलबीनं डोकं थांबलं नाही, पण तक्रार आठवडाभर आली नाही. वैद्यबुवांनी एक गोष्ट मात्र टिपली, जी बाकी कुणी टिपली नव्हती. दुखणं भाद्रपदात वाढतं, आश्विनात कळस गाठतं आणि दिवाळीला उतरतं. त्यांचं निदान पोथीबरहुकूम होतं: शरद ऋतूतला पित्तप्रकोप. नाक-कान-घसावाले म्हणाले, हवेतले परागकण. मेंदूवाले म्हणाले, ऑक्टोबरचं ऊन.

शिवाय डोळ्यांपुढे काळे ठिपके तरंगतात ही तक्रार होतीच. नेत्रतज्ज्ञांनी समजावलं की या वयात डोळ्यातल्या जेलीत अशा सावल्या पडतात. एकदम पुष्कळ वाढल्या किंवा वीज चमकल्यासारखं झालं तरच धावत यायचं. मला त्यांचं म्हणणं पटलेलं नाही. 1962च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी मराठीतले न उच्चारले जाणारे सगळे अनुस्वार काढून टाकले. एवढ्या अनुस्वारांना कुठेतरी जायला जागा हवी होती.

गेल्या आश्विनात रात्री बाराच्या पुढे अण्णांच्या खिडकीत उजेड दिसला. दुखणं वाढलं असेल म्हणून वर गेलो. वहिनींनी दार उघडलं, काही न बोलता आत बोट दाखवलं आणि झोपायला गेल्या. अण्णा खुर्चीत. प्रोग्रेसिव्ह चष्म्याच्या खालच्या चिमुकल्या पट्टीतून दिसावं म्हणून हनुवटी छतावर. हातभर अंतरावरून सुरू झालेला मोबाइल नाकाशी आलेला. त्यात एका दिवाळी अंकाची पीडीएफ. दोन बोटांनी पान मोठं करायचं, ओळ सरकवायची, परत सरकवायची. शेजारी वहीत रकाने आखलेले: पान, ओळ, अशुद्ध, शुद्ध. कानावर लाल पेन्सिल, तिला आता काही काम नाही, तरी.

“हे कधीपासून?”

“नेहमीचंच,” ते म्हणाले. “निवृत्तीनंतर पोरं पाठवतात. ‘अण्णा, जरा नजर टाका.’”

जरा नजर! वहीत त्या मोसमातले पाच अंक होते. छापखान्यातली मुद्रितशोधकाची खुर्ची केव्हाच भंगारात गेली. संपादक म्हणतात, कॉम्प्युटर बघतो. कॉम्प्युटरला ‘दीन’ही चालतो आणि ‘दिन’ही चालतो. मग शेवटच्या रात्री सगळ्यांना अण्णा आठवतात. ‘मनोरंजन’नं 1909 साली पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासूनची ही एवढी मिरवण्याची परंपरा, आणि ती या म्हाताऱ्याच्या दोन कोरड्या बुबुळांवर उभी. मानधन, अंकाची एक प्रत. तीही टपालानं, जानेवारीत.

वहीत ऱ्हस्व-दीर्घच होते असं नाही. एका कथेपुढे लिहिलं होतं: ‘पान 12वर विधवा. पान 31वर मंगळसूत्र तुटतं. कुणाचं? लेखिकेला विचारावे.’ दुसऱ्या एका लेखापुढे नुसतंच ‘हा परिच्छेद दुसऱ्यांदा वाचला. छान आहे.’ हे ते कुणाला कळवणार नव्हते. त्यासाठी रकाना नव्हता.

“अण्णा, हे एकाही डॉक्टरला सांगितलं नाहीत?”

त्यांनी चष्मा काढून पंच्यानं पुसला. “फॉर्मवर ‘व्यवसाय’ विचारतात. मी ‘निवृत्त’ लिहितो. खोटं नाही ना ते? आणि सांगितलं, तर म्हणतील, वाचू नका.” मग दोन बोटं भुवईला टेकवून, “मानेत उतरलंय बघा आता.”

त्या क्षणी मला त्यांचा राग आला असता तर बरं झालं असतं. इतक्या जिन्यांच्या पायऱ्या त्यांच्या मागून मी चढलोय. पण त्या पाचांतल्या एका अंकात माझा लेख होता. मी मुकाट्यानं पंखा कमी केला.

शेवटी गाठ पडली ती एका सार्वजनिक रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरीणबाईंशी. त्यांनी फाइल बघितलीच नाही. अण्णा दुखावले. बाईंनी स्वतःचा फोन पुढे केला. “काका, घरी धरता तसा धरा आणि वाचा.” अण्णांनी धरला. हनुवटी वर, फोन नाकाशी. बाई घड्याळ लावून त्यांच्या पापण्या मोजत बसल्या. माणूस एरवी मिनिटाला पंधराएक वेळा डोळे मिचकावतो. पडद्यावर ते प्रमाण खूप घसरतं. अण्णांचं जवळजवळ थांबलंच होतं. मग खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवलं. पट्टी किती भिजते ते बघायचं असतं. ती जेमतेम टोकाला ओली झाली. अण्णांनी पट्टी हातात घेतली आणि म्हणाले, “परत दाखवा बरं.” बाईंनी खरोखर दुसरी पट्टी लावली. तिथे मी त्यांचा भक्त झालो.

मग त्यांनी विचारलं, “डोकं दुखलं की काय घेता?” गोळी. “कधी?” सकाळच्या चहाबरोबर. “रोज?” “दुखेलच, म्हणून आधीच.” बाईंनी पेन खाली ठेवलं. साधी वेदनाशामक गोळीसुद्धा महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, अशी महिनोन्‌महिने घेत राहिलं, तर गोळीच डोकं दुखवायला लागते, हे त्यांनी शांतपणे सांगितलं. अण्णांच्या चेहऱ्यावर चूक सापडल्याचा आनंद होता. ती स्वतःची असली तरी.

वाचू नका असं बाई म्हणाल्या नाहीत. मोबाइलवर नको, मोठ्या पडद्यावर वाचा, म्हणाल्या. त्या अंतराचा वेगळा, सबंध एकाच नंबरचा चष्मा. कृत्रिम अश्रूंचे थेंब. गोळी बंद, आणि सुरुवातीचे काही दिवस डोकं जास्तच दुखेल याची तयारी. दर 20 मिनिटांनी 20 फुटांवर 20 सेकंद नजर. यावर अण्णांचा एकच आक्षेप होता: 20 मिनिटं वाक्याच्या मध्यात संपली तर? बाई म्हणाल्या, “पूर्णविरामापर्यंत जा.” मग कार्ड हातात दिलं. वर छापलं होतं, ‘नेत्रचिकीत्सा विभाग’. अण्णांनी कानावरची पेन्सिल काढली. मी डोळे मिटून घेतले. बाईंनी दुरुस्ती बघितली, एक कार्ड स्वतःसाठी ठेवून घेतलं आणि म्हणाल्या, “पुढची छपाई तुम्हाला दाखवून करू.”

डोकेदुखीची डायरी ठेवायला सांगितलं होतं. ती अण्णांच्या जिवाभावाची गोष्ट झाली आहे. तारीख, वेळ, कुठून निघालं, कुठे उतरलं, शेरा, सगळे रकाने पट्टीनं आखलेले. पहिले दिवस भरगच्च आहेत. मग नोंदी विरळ होत जातात. पुण्यातले संपादक अजून पाठवतात, मीही पाठवतो आणि पाठवत राहणार. परवा त्यांनी मला ताजं पान वाचायला दिलं. शुद्धलेखन निर्दोष होतं.

‘आज डोकं दुखलं नाही. कारण कळत नाही. डॉक्टरांना दाखवणे.’