श्वानमास्तर

माणगावात हल्ली श्वानमास्तरांची जमात वाढली आहे. ओळखायला सोपी. वय साठीच्या पुढे, मुंबईतली नोकरी पुरी करून गावी परतलेला चाकरमानी, गुडघ्यापर्यंत चड्डी, गळ्यात शिटी आणि हातातल्या पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला लॅब्राडोर. पट्ट्याच्या कुठल्या टोकाला कोण ओढलं जातंय, हे विचारू नये. हा कुत्रा विकत घेतलेला नसतो. पुण्यातला मुलगा एका रविवारी ताम्हिणी घाट उतरून येतो आणि "थोडे दिवस सांभाळा" म्हणून पिल्लू ठेवून जातो. ते थोडे दिवस अजून कोणाचेच संपलेले नाहीत.

आमच्या आळीतल्या मास्तरांनी त्याआधी जन्मात कुत्रा पाळला नव्हता. त्यामुळे कुत्र्यांविषयी त्यांची मतं अत्यंत ठाम आहेत.

त्यांचा विद्यार्थी तसा गुणी. चेंडू फेकला की आणतो, पायाशी ठेवतो. पण तो पुन्हा फेकायला पापणी लवेपर्यंत उशीर झाला, की "भॉ!" मास्तरांनी भुंकण्याचे प्रकार पाडले आहेत. अनोळखी माणसावरचं वेगळं, छपरावर उतरलेल्या वानरांवरचं वेगळं, आणि हे तिसरं, "माझ्याकडे बघा" म्हणणारं. पहिली दोन ठेवायची, तिसरं मोडायचं. शेजारचे भातशेतीवाले दादा म्हणाले, "भुकायचा नाय, तर पाळलाय कशाला?" त्यांचंही खरं, रानडुकरं शेतात शिरली की शिकवलेला कुत्रा काय शेपूट हलवणार? पण या वादात मास्तरच बरोबर होते. निरनिराळ्या प्रसंगी कुत्रा निराळ्या आवाजात भुंकतो आणि कुत्रा न पाळलेल्यांनाही तो फरक बऱ्यापैकी कळतो, हे हंगेरीतल्या संशोधकांनी २००५ साली दाखवून दिलं आहे. दादांना तो आधीपासूनच कळत होता. हंगेरीचं नाव ऐकून ते नांगराकडे वळले.

उपायही मास्तरांना तोंडपाठ. कुत्रा भुंकला की खेळ तिथेच थांबवायचा. चेंडू पाठीमागे, तोंड दुसरीकडे, नजरेला नजर नाही, तोंडातून शब्द नाही. ओरडायचं तर मुळीच नाही, कारण कुत्र्याच्या लेखी ओरडणं म्हणजेही लक्ष देणंच. दोन-तीन सेकंद गप्प राहिला, की लगेच चेंडू. मग ती गप्प राहण्याची वेळ हळूहळू वाढवत न्यायची. सगळं शास्त्रशुद्ध. अडचण एकच. आयुष्यभर साहेबगिरी केलेल्या माणसाला तोंडातून शब्द न काढणं जमत नाही. मास्तर पाठ फिरवतात आणि पाठमोऱ्या अवस्थेतच कुत्र्याला समजावून सांगतात, "हे बघ, मी तुझ्याकडे अजिबात लक्ष देत नाहीये!" तेही इंग्रजीत.

या शिक्षणात एक अवघड टप्पा येतो. भुंकण्याचा नेहमीचा उपाय चालेनासा झाला, की सवय सुटण्याआधी कुत्रा दुप्पट जोराने भुंकून बघतो. इथे जो टिकला तो जिंकला. ती संध्याकाळ अख्ख्या आळीने अनुभवली. मास्तर टिकले होते, हे मान्य करायला हवं. पण मालिका ऐन रंगात आली असताना मास्तरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, बाहेर आल्या, "टाका की हो एकदाचा!" म्हणाल्या आणि स्वतःच चेंडू भिरकावून आत गेल्या. कुत्र्याने काय ते समजून घेतलं. थोडं भुंकून भागत नाही, पुष्कळ भुंकावं लागतं. दरवेळी मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसाने लागलेली सवय जास्त चिवट असते, हे मास्तरांच्या पुस्तकात होतं. पुस्तक काकूंनी वाचलेलं नव्हतं.

घरी विद्यार्थी ऐकेना, म्हणून मास्तर महामार्गावरच्या चहाच्या टपरीवर शिकवायला लागले. तिथे श्रोत्यांना तोटा नाही. जोडून सुट्टी आली की मुंबई-गोवा महामार्ग माणगावात तुंबतो, आणि बाह्यवळण रस्त्याच्या गप्पा गावाने वर्षानुवर्षं ऐकलेल्या आहेत. पुढची गाडी हलत नसताना मागचे सगळे हॉर्नवर हात ठेवून बसतात. मास्तर म्हणतात, हे सगळे आमच्या लॅब्राडोरचेच भाऊ! आणि मग स्किनर काढतात. या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४८ साली भुकेल्या कबुतरांचा प्रयोग लिहिला. पिंजऱ्यात ठरावीक वेळाने दाणा पडे, कबुतर काहीही करो. पण दाणा पडला तेव्हा आपण जे करत होतो त्यामुळेच तो पडला, असं धरून चालल्यागत एक कबुतर गोल गोल फिरू लागलं, दुसरं मान डोलवू लागलं. गाडी सरकते ती पुढचा रस्ता मोकळा झाला म्हणून, पण ज्याचा हॉर्न तेव्हा वाजत होता त्याला वाटतं, आपणच सरकवली. हे निरूपण खरंच सुंदर आहे. कोलाडहून रखडत आलेल्या माणसाला ते ऐकण्याची इच्छा नसते, एवढंच.

या साऱ्या गदारोळात कुत्रा एकाच माणसापुढे शहाण्यासारखा बसतो. मास्तरांच्या आईपुढे. म्हातारी नव्वदीची, दिवसभर पडवीत तांदूळ निवडत बसते. कानाने ऐकू येत नाही. सुरुवातीला कुत्रा तिच्यापुढेही चेंडू ठेवून घसा फुटेस्तोवर भुंकला. म्हातारीचे डोळे सुपात. शेवटी दमून गप्प बसला, तेव्हा कधीतरी तिने मान वर केली, "बसलास होय रे?" म्हणाली आणि चेंडू अंगणात लोटून दिला. रोज असंच. चुकून एकदाही तिने भुंकण्याला दाद दिली नाही, कारण तिला ते ऐकूच आलं नाही. आता तो तिच्यासमोर चेंडू ठेवतो आणि मुकाट बसून राहतो. मास्तर टपरीवर हे उदाहरण आपल्या पद्धतीचं यश म्हणून सांगतात. मास्तरांनी आईसाठी कानाचं यंत्र आणतो म्हटलं, तेव्हा काकूंनीच त्यांना थांबवलं.

तेव्हा प्रवासी मंडळींना एकच विनंती. पुढच्या जोडसुट्टीला माणगावात अडकलात, तर हॉर्न वाजवू नका. गाडी तर सरकणार नाहीच, शिवाय टपरीवरून मास्तर उठून तुमच्या काचेपाशी येतील.