धमकीचा जाबता

शत्रूवर शस्त्र टाकण्यापूर्वी त्याच्या कुळाचा, शौर्याचा आणि सवड असल्यास मिशांचाही यथास्थित उद्धार करावा, हा शिरस्ता महाभारतातील महारथ्यांपासून आमच्या आळीतील क्रिकेटपटूंपर्यंत सर्वांनी निष्ठेने पाळला असला, तरी त्याचे लेखी नियम करून द्या अशी विनंती घेऊन कोणी माझ्या दाराशी येईल, अशी कल्पना दिवाणी न्यायालयात शिरस्तेदारी करून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्या इसमास असण्याचे काही कारण नव्हते.

विनंती घेऊन आला तो माझा पुतण्या. तो आणि त्याचे स्नेही दर रविवारी आमच्या सांगलीच्या घराच्या माडीवर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ खेळतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या या खेळात एकजण कथा चालवतो, बाकीचे तिच्यातील पात्रे होऊन बोलतात, आणि योजिलेली गोष्ट साधली की फसली याचा निवाडा वीस बाजूंचा फासा देतो. तंटा उपस्थित झाला तो असा : एका मुलाने एका बुटक्या राक्षसाला उद्देशून, श्वास न घेता, उपमा-उत्प्रेक्षांनी नटलेली अशी धमकी दिली की जिन्यात उभा असलेला मी दोन पायऱ्या खाली उतरलो, पण फाशावर दोन पडले आणि राक्षस ढिम्म राहिला. लगेच दुसऱ्या मुलाने चिवडा खाता खाता “मी पण त्याला घाबरवतो” एवढेच म्हटले, फाशावर वीस पडले, आणि राक्षस रान तुडवीत पळाला. वक्तृत्वाचा असा उघड अपमान झाल्यावर मंडळी न्याय मागायला खाली आली.

“काका, तुम्ही कोर्टात होता. आम्हाला घरचे नियम लिहून द्या,” पुतण्या म्हणाला.

मी प्रथम मूळ नियमांची रुजुवात घेतली. त्यांत धमकीची मदार बाहुबळावर न ठेवता व्यक्तिमत्त्वाच्या प्रभावावर ठेवलेली आहे, आणि त्यावरून त्या खेळाच्या जगात वर्षानुवर्षे वाद आहे. भाटाच्या हाती तर असा एक मंत्र दिला आहे की नुसत्या कुचेष्टेने शत्रू जखमी होतो आणि त्याचा पुढचा वार डळमळतो. ही सर्व योजना मला विचारी वाटली, पण अनुभवशून्यही वाटली. ज्यांनी बोरीचा बार पाहिलेला नाही त्यांनी कुचेष्टेचे कायदे करू नयेत, असे माझे नम्र मत आहे.

सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुक्यात, लोणंदच्या बाजूला, सुखेड आणि बोरी ही दोन गावे आहेत. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या स्त्रिया मधल्या ओढ्याच्या दोन काठांवर जमतात आणि हलगी, डफडी व शिंगे यांच्या गजरात, हातवारे करीत, एकमेकींना मनमुराद शिव्या देतात. एका पाटलाच्या दोन बायका, एक या गावी नांदणारी आणि एक त्या गावी, ओढ्यावर भांडता भांडता बुडून मेल्या, तेव्हापासून ही वहिवाट आहे, असे सांगतात. बार झाला नाही तर गावावर संकट येते, अशीही समजूत आहे. साताऱ्यास नोकरीत असताना मी हा सोहळा सुखेडच्या काठावरून पाहिला. पदर खोचून, पाण्यात उतरून, पलीकडच्या काठावर चाल करून जाऊ पाहणाऱ्या त्या रणरागिणींना आवरताना पोलिसांची जी तारांबळ उडते ती पाहिल्यावर बंदोबस्त या गोष्टीविषयी माझा आदर कायमचा वाढला. दुसरे असे दिसले की वाद्यांच्या त्या कल्लोळात कोणतीही शिवी अक्षरशः पलीकडे पोचणे अशक्य होते. पोचत होता तो आवेश. कोण कोणाला काय म्हणाले याचा दाखला कोणापाशीच उरत नसल्यामुळे वर्षभर उगाळायलाही काही उरत नाही, आणि जिंकले कोण हा प्रश्न तर कोणी विचारीतच नाही. तासाभराने बार संपतो, बाया घामाघूम व प्रसन्न होऊन परततात, आणि ज्या तोंडांनी सासर-माहेराचा उद्धार झाला त्याच तोंडांनी घरी गेल्यावर चुलीवरच्या कालवणाची चौकशी होते.

मसुद्याचे पहिले कलम मी याच ओढ्यावरून घेतले. पात्र आणि खेळाडू यांच्यामध्ये ओढा आहे असे समजावे. जी टोचणी द्यावयाची ती पलीकडच्या पात्राला द्यावी, पाणी ओलांडून खेळाडूच्या दहावीच्या गुणांवर अगर वडिलांच्या टकलावर जाऊ नये. ओलांडल्यास सूत्रधाराने पोलिसाचे काम करावे.

सूत्रधार हा शब्द मी मुद्दाम योजला, कारण सांगलीकरांना हा खेळ अमेरिकेहून आयात करण्याची वस्तुतः गरज नव्हती. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून श्रीमंत चिंतामणराव पटवर्धनांना तसे काही आपल्या दरबारी व्हावेसे वाटले, आणि विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ उभे केले. सूत्रधाराने पदे म्हणत कथानक पुढे न्यावे आणि पात्रांनी आपापली भाषणे ऐनवेळी सुचतील तशी करावी, अशी त्या नाटकांची पद्धत होती. आता आमच्या माडीवर रविवारी याहून निराळे काय चालते? राक्षसांची तर बातच और. पेटत्या राळेच्या भडक्यात, तलवारी परजीत, ते अशा आरोळ्या ठोकीत येत की पुढे या नाटकांवर ‘अललडुर्र’ असा शिक्काच बसला. पुढच्या रांगेतील प्रेक्षकास रंगाखालचा इसम कोण आहे हे खात्रीने ठाऊक असे, आणि तरीही तो दचके, कारण दचकण्याची त्याची तयारी असे. भयाचा हा अर्धा वाटा भिणाऱ्याने भरावयाचा असतो. म्हणून दुसरे कलम : धमकी कशाची आहे हे सांगितल्याखेरीज फासा टाकू नये, मग चिवडा खाणाऱ्याने एक वाक्य बोलले तरी चालेल, आणि धमकी खरोखर अंगावर काटा आणणारी असेल, तर फासा कितीही कृपण निघो, राक्षसाने निदान आवंढा गिळलाच पाहिजे. ‘ढिम्म’ हा निकाल रद्द करण्यात आला आहे.

तिसऱ्या कलमासाठी प्रतापगडावर जावे लागले. विजापूरच्या दरबारात, चढ्या घोड्यानिशी शिवाजीस धरून आणतो अशी प्रतिज्ञा अफझलखानाने केल्याचे बखरी सांगतात. महाराजांनी तिला उत्तर म्हणून गर्जना केली नाही. भ्यालो, असे कळवले, आणि आपण भेटीस उतरण्यास कचरत असल्याने खानानेच जावळीच्या रानात यावे, असे सुचवले. खान आपल्या धमकीच्या यशाने इतका खूश झाला की आला. १० नोव्हेंबर १६५९ रोजी काय घडले ते शाळकरी पोरही सांगेल. यावरून धमकीचा फासा सूत्रधाराने झाकून टाकावा, आणि शत्रू थरथरताना दिसला तरी तो खरोखर भ्याला की महाराजांप्रमाणे एखाद्या पंताजी गोपीनाथांस वकिलीवर पाठवतो आहे, हे खेळाडूस कळू देऊ नये, असे मी लिहिले. या कलमाने मुलांची झोप उडाली असे पुतण्या सांगतो. मसुदा लिहिणाऱ्यास याहून मोठी बिदागी नाही.

बाहुबळाच्या वादाचा निकाल मी चार ओळींत लावला. सांगली-साताऱ्याकडच्या तालमींत पैलवान शड्डू ठोकतो तेव्हा त्याचे व्यक्तिमत्त्व कोणी तपासत बसत नाही. सबब बलवान पात्रास एकदा शड्डू ठोकून बळाच्या जोरावर भिववण्याची मुभा आहे, परंतु शड्डूनंतर तोंड उघडल्यास ती मुभा संपुष्टात येते.

जाबता मंजूर झाला, एक हरकत सोडून. मंडळीतील एका मुलीचे आजोळ बोरीचे आहे. ओढा न ओलांडण्याचे पहिले कलम आपल्याला लागू नाही, कारण शिव्या देण्याचा हक्क आपल्याकडे आईच्या बाजूने पिढीजात वहिवाटीने आलेला आहे आणि बोरीच्या बायका पाण्यात उतरतातच, असा तिचा लेखी अर्ज आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे, असा हक्क वर्षातून एकदाच बजावता येतो. मुद्दा कायद्याचा आणि नाजूक असल्यामुळे मी प्रकरण तहकूब केले असून पुढील नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी स्थळपाहणी ठेवली आहे. उभय पक्षांनी लोणंदपर्यंतचे एस. टी.चे भाडे स्वतः सोसावयाचे आहे, आणि अर्जदाराने मला कोणत्या काठावर उभे करावयाचे ते आठ दिवस आधी कळवावयाचे आहे.