बेस्टच्या पाटीवरचे आगरकर

"काकू, कढीपत्त्याच्या दोन काड्या तोडते हं!" मी कंपाउंडच्या भिंतीवरून ओरडले. झाड काकूंच्या सोसायटीत, फांद्या आमच्या हद्दीत. कोलडोंगरीतल्या जुन्या इमारतींमध्ये एवढीच काय ती हिरवळ उरलीय, आणि रीडेव्हलपमेंटवाल्यांचा तिच्यावरही डोळा आहे.

"तोड गं. पण तुझा लेक सकाळी गॅलरीत काय घोकत होता? आगरकर, आगरकर..."

मी कपाळाला हात लावला. शाळेने घराजवळच्या चौकाची माहिती लिहून आणायला सांगितली होती. अंधेरी स्टेशनबाहेर पूर्वेला आगरकर चौक. चिरंजीवांनी वहीत लिहिलं होतं, 'अजित आगरकर. झिम्बाब्वेविरुद्ध 21 चेंडूंत अर्धशतक.'

काकू हसता हसता भिंतीला टेकल्या. मराठीच्या बाई म्हणून रिटायर झाल्यात, पण आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत जातो. "त्याचीही चूक नाही म्हणा. बसवर नुसतं 'आगरकर चौक'. कोणते आगरकर ते बेस्ट सांगत नाही. मी आपला तो चौक केव्हाच गोपाळ गणेशांना देऊन टाकलाय."

"समाजसुधारक ना ते?"

"समाजसुधारक म्हटलं की संपलं तुमचं. अगं, जिवंतपणी प्रेतयात्रा काढली त्यांची!"

कढीपत्ता माझ्या हातातच राहिला.

"पुण्यात. सनातन्यांनी तिरडी बांधली, वर त्यांचा पुतळा निजवला आणि वाजतगाजत त्यांच्याच दारावरून नेली. का, तर पोरीबाळींची लग्नं लावू नका, विधवेला विद्रूप करू नका, असं लिहितात म्हणून."

"घरातल्यांनी काय करायचं हो अशा वेळी?"

"तेच तर कुणी विचारत नाही. आईचं घे. कऱ्हाडजवळचं टेंभू गाव, 1856 चा जन्म, घरात दारिद्र्य. कंपाउंडरी करून, मिळेल ते काम करून पोरगा शिकला. डेक्कन कॉलेजात अंगावर एकच सदरा, रात्री धुवायचा नि सकाळी तोच घालायचा. आता एम. ए. होणार, पांग फिटणार, म्हणून ती माउली वाट बघत्येय. आणि याचं पत्र येतं, की मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, पोटापुरतं मिळवीन आणि बाकीचा वेळ लोकांसाठी."

"मी असते तर कऱ्हाडाहून चालत जाऊन कान धरला असता."

"मीही! शाळेत हे पत्र शिकवताना पोरांना त्याग समजावून सांगायचे, आणि मनात यायची ती आई." काकू जरा थांबल्या. "पण शब्दाला जागला हो. टिळक-चिपळूणकरांनी 1880 साली न्यू इंग्लिश स्कूल काढलं, त्यात हा मास्तर. मग 'केसरी' निघाला, त्याचे पहिले संपादक कोण? टिळक नव्हे, आगरकर. आणि लगेच 1882 ला डोंगरीच्या तुरुंगात."

"आपल्या कोलडोंगरीत तुरुंग होता?"

"अगं बाई, ती तिकडची डोंगरी, सँडहर्स्ट रोडची! कोल्हापूरच्या महाराजांचा छळ होतोय असं छापलं, दिवाण बर्व्यांनी अब्रूनुकसानीचा खटला घातला. चार महिन्यांची सजा, सुटले 101 दिवसांनी."

"101? नॉट आउट?" वरून गॅलरीतून आवाज आला.

"नॉट आउटच रे! बाहेर येऊन त्या दिवसांवर पुस्तक लिहिलं, आणि 'हॅम्लेट' मराठीत आणलं, 'विकारविलसित' म्हणून. कोठडीत टिळकही बरोबर होते. दोघं इतक्या तावातावाने वाद घालायचे, की पहारेकरी येऊन दटावायचे म्हणे."

"आणि तेच पुढे भांडले?"

"भांडले म्हणजे, आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरी-खजिनदारासारखे नव्हे हो, पार्किंगवरून. एकाचं म्हणणं, आधी राज्य मिळवू, घरचं मग बघू. दुसरा म्हणे, घरातल्या बाईला गुलाम ठेवून मागता ते राज्य कुणाचं? फर्ग्युसन कॉलेज दोघांनी मिळून उभं केलं, पण 1887 ला हे 'केसरी'तून बाहेर पडले, पुढच्या वर्षी स्वतःचा 'सुधारक' काढला. टिळक 1890 ला शिक्षण संस्थाच सोडून गेले. त्यात पैशाअडक्याच्या कुरबुरीही होत्या, नाही असं नाही. आता बघ, टिळकांच्या नावाने कुर्ल्याहून गाड्या सुटतात, पार्ल्यात शाळा आहे. यांना रिक्षावाल्यांच्या गर्दीतला एक चौक, तोही मी दिलेला."

"पण काकू, लिहायचे काय एवढं?"

"मिल वाचलेला, स्पेन्सर वाचलेला. प्रत्येक रूढीला उभं करून विचारायचं, तुझं कारण सांग. शास्त्रात आहे, आजोबा करायचे, हे कारण चालणार नाही. बुद्धीला पटलं तर ठेवू. मुलामुलींना एकच शिक्षण द्या आणि एकत्र द्या, हे त्या काळात छापलंय. बायकांनी जाकीट घातलं पाहिजे, यावरसुद्धा लेख आहे."

मी गाऊनवरची ओढणी सारखी केली. जाकिटाची आमची सोय अजून हीच.

"देवाधर्माचं काय मग? बायकोलाही करू देत नसतील."

"इथेच तर खरी गंमत. स्वतः देव मानत नव्हते, पण यशोदाबाईंच्या व्रतवैकल्यांत कधी आडवे गेले नाहीत."

"जगाला सांगायचं आणि घरात चालू द्यायचं? मग सुधारक कसले?"

"वा गं! घरात दंडेली केली असती, तर त्यांच्यात नि तिरडी बांधणाऱ्यांत फरक काय राहिला? पटवायचं, लादायचं नाही." काकूंनी एक पिवळं पान खुडून टाकलं. "अर्थात यशोदाबाईंना काय वाटायचं, ते वेगळंच. नवऱ्याची तिरडी दारावरून जाताना आत चूल पेटवायचीच होती ना तिला."

माझ्याही घरात दूध वर येत असणार, पण पाय निघेना.

"शेवट?"

"दम्याने पोखरलं. 1892 ला फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, आणि 17 जून 1895 ला गेले. एकोणचाळीसही पुरी नाहीत. उशाशी एक पुडी निघाली, आपल्या दहनापुरते पैसे बाजूला काढून ठेवलेले. अग्रलेख लिहिताना टिळकांना रडू आवरेना, असं सांगतात."

तेवढ्यात चिरंजीव वही घेऊन खाली आले. "काकूआजी, मी दोघांचं लिहितो. अर्धं पान अजित, अर्धं पान गोपाळ."

"चालेल. आणि हेही लिही, की 'वाक्यमीमांसा' नावाचं व्याकरणाचं पुस्तक त्यांचं. वाक्याचं पृथक्करण कसं करायचं, ते त्यात आहे."

"म्हणजे ते उद्देश्य, विधेय?"

"तेच."

त्याने पेन्सिलीचं टोक चावलं, वहीतल्या रेघा मोजल्या.

"मग त्यांना पाव पान."