शीड घेताना: यवतमाळकर नवशिक्यांसाठी

ही मार्गदर्शिका आर्णी, राळेगाव, उमरखेड, झरी जामणी अशा ठिकाणी राहणाऱ्या त्या गृहस्थांसाठी आहे, ज्यांनी शिडाची होडी सिनेमातच पाहिली आहे, पण नव्या शिडांबद्दल आपलंही काहीएक मत असावं असं ज्यांना मनापासून वाटतं. मत असायला होडी लागते, हा गैरसमज आधी काढून टाका. कुठल्याही यॉट क्लबात होडी एकाची आणि मतं चौघांची असतात. त्या तीन बिनहोडीवाल्यांपैकी एक होणं, एवढंच पहिल्या वर्षीचं ध्येय ठेवा.

घरातून पहिला प्रश्न येईल: “पाणी कुठी हाय?” उत्तर तयार असू द्या. बाभूळगाव तालुक्यात बेंबळा आहे, दिग्रसकडे अरुणावती आहे, पुसदकडे पूस आहे आणि पैनगंगेवर इसापूर आहे. पाऊस बरा झाला तर गणपती उठेपर्यंत ही धरणं भरलेली असतात. एप्रिलचा विषय आपण होऊन काढू नये. 2018 मध्ये निळोणा आणि चापडोह आटले आणि यवतमाळ शहर टँकरची वाट बघत बसलं, त्या दिवसांत शिडाचं नाव काढणाऱ्याला शेजाऱ्यांनी काय ऐकवलं असतं, ते छापण्याजोगं नाही. परवानगीचा अर्जही उन्हाळ्यात देऊ नये. शीड पाणी पीत नाही, हे टेबलापलीकडच्या माणसाला पटवता पटवता पावसाळा येतो.

दुसरा प्रश्न समुद्राचा. त्याला दोन उत्तरं पुरतात. एकट्या भारतीयाने शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास घेतलेले व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर राहत होते ते फलटण तालुक्यातल्या विंचुर्णीला. तिथल्या माळावर समुद्र दिसत नाही, पाऊसही फारसा दिसत नाही. तिथून त्यांनी नौदलाच्या मागे लकडा लावला आणि 2009 च्या ऑगस्टमध्ये कमांडर दिलीप दोंदे गोव्यात बांधलेली ‘म्हादेई’ घेऊन मुंबईहून निघाले, ते पुढच्या मे महिन्यात पृथ्वीला वळसा घालूनच परतले. दुसरं उत्तर नेहा ठाकूरचं. ही देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. भोपाळच्या तलावावर शिकली आणि 2023 च्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक घेऊन आली. तिच्या होडीचं शीड 4.7 चौरस मीटरचं, म्हणजे आपल्या मांडवाच्या एका कनातीपेक्षाही लहान. तेव्हा समुद्र नाही ही सबब पुढे करू नका. पांढरकवड्याहून थेट रस्ता हैदराबादला जातो, आणि तिथे हुसेनसागरावर दर पावसाळ्यात शर्यती होतात.

आता पात्रता. इथे यवतमाळकराने अजिबात लाजू नये, कारण नवं शीड विकत घेणाऱ्या खलाशाला जे काही सोसावं लागतं त्याचं पूर्ण शिक्षण आपल्याला घरबसल्या मिळालेलं आहे. नवं शीड म्हणजे कपाशीचं नवं वाण. दुकानात टांगलेलं रंगीत चित्र तेच, ‘गेल्या वर्षी अमक्याने लावलं आणि बघत राहिला’ ही साक्ष तीच, ज्याने लावलं तो अमका शोधूनही न सापडणं तेच. पैसे आधी द्यायचे आणि गुण हंगाम संपल्यावर कळायचा, हेही तेच. फरक इतकाच की शीडवाला तुम्हाला कॉफी पाजतो.

या शिक्षणाचा पहिला धडा असा: ज्याने नुकतंच शीड घेतलं आहे, त्याच्या मताला किंमत देऊ नये. तो खोटं बोलत नाही. पण आत्ताच मोठी रक्कम मोजलेल्या माणसाला ती रक्कम बरोबर जागी गेली असं वाटावंच लागतं, नाहीतर रात्री झोप कशी लागणार? जूनमध्ये पेरलेल्याला विचारलं की “औंदा झकास उगवलं भाऊ” हेच ऐकू येतं. खरी माहिती दिवाळीनंतर, तिसऱ्या वेचणीला, आणि तीही धुऱ्यापलीकडच्या माणसाकडून मिळते. शिडाचंही तसंच. ‘होडी अर्धा नॉट जास्त पळते’ असं सांगणाऱ्याला एवढंच विचारावं: जुनं शीड किती वर्षांचं होतं? दहा वर्षं उन्हात तापलेलं कापड काढून कुठलंही नवं चढवलं तर होडी पळणारच. त्यात कंपनीचं कर्तृत्व किती आणि जुन्या शिडाच्या म्हातारपणाचं किती, हे वेगळं करून सांगणारा खलाशी भेटला तर त्याला चहा पाजा आणि उठू देऊ नका.

कापडाबद्दल थोडं सविस्तर बोललं पाहिजे. आपला जिल्हा कापसाचा, आणि एकेकाळी शिडंही कापसाची होती, त्यामुळे चारचौघांत यवतमाळच्या कापसाने जगाची गलबतं हाकली असं ठोकून देण्याचा मोह होईल. तो आवरा. वऱ्हाडातला जुना कापूस आखूड धाग्याचा होता. विलायतेच्या बाजारात तो ‘ऊमरा’ म्हणून ओळखला जाई आणि जाड्याभरड्या सुतात खपे. ब्रिटिश कंपनीने यवतमाळ ते मूर्तिजापूर अरुंद रूळ टाकले ते या कापसासाठी, त्याच रुळांवरून आपली ‘शकुंतला’ धावली. शर्यतीच्या शिडांना मात्र लांब धाग्याचा, विशेषतः इजिप्तचा कापूस आवडायचा.

पण कापसाच्या वतीने एक गोष्ट मान ताठ ठेवून सांगता येते. 1851 च्या ऑगस्टमध्ये आइल ऑफ वाइटभोवती झालेल्या शर्यतीत ‘अमेरिका’ नावाच्या होडीने इंग्रजांच्या होड्यांना मागे टाकलं. इंग्रजांची शिडं जवसाच्या, म्हणजे लिननच्या कापडाची, सैल आणि फुगीर होती. वारा धरावा म्हणून त्यांच्यावर पाणी मारावं लागे. अमेरिकेची शिडं गिरणीत घट्ट विणलेल्या सुती कापडाची आणि सपाट होती. त्यानंतर शंभर वर्षं शर्यतीत कापसाचं राज्य चाललं. ते गेलं 1950 च्या दशकात, पॉलिएस्टर आल्यावर. डेक्रॉन हे त्याचं बाजारातलं नाव.

सुती शिडाची एक खोड नवशिक्याने आवर्जून समजून घ्यावी. नवं सुती शीड पहिल्या दिवशी ताणून चालत नसे. कोरडा दिवस, हलका वारा पाहून ते सैलसर चढवायचं, काही तास चालवायचं, उतरवायचं, पुन्हा चढवायचं. असं करत करत सूत हळूहळू आपल्या जागी बसे. अधीर मालकाने पहिल्याच वावधानात दोर खेचला, तर शीड कायमचं बिघडे. डेक्रॉनला हे लाड नाहीत. ते पहिल्या दिवशी सर्वांत चांगलं असतं आणि दुसऱ्या दिवसापासून थोडं थोडं उतरत जातं. म्हणूनच नव्या शिडाच्या सगळ्या गोड आठवणी पहिल्या आठवड्यातल्या असतात.

दुकानात गेल्यावर (दुकान यवतमाळात नाही, पण कल्पना करायला जीएसटी लागत नाही) कापड दोन्ही अंगठ्यांत धरून तिरकं ओढा. उभ्या-आडव्या धाग्याच्या दिशेने विणलेलं कापड फारसं ताणलं जात नाही. तिरकं ओढलं की मात्र ते खरा स्वभाव दाखवतं. नव्या डेक्रॉनला राळेचा लेप असतो, म्हणून ते तिरकंही दाद देत नाही आणि हातात कडकड वाजतं. हा आवाज ऐकून माणूस हुरळतो. लेप वापराने झिजतो, घड्यांवर तर लवकरच. म्हणून शीड दर वेळी त्याच त्याच रेषेवर घडी घालून ठेवू नये. लग्नाचा शालू आहे का तो?

शर्यतीचं शीड आणि प्रवासाचं शीड यांत गल्लत करू नका. शर्यतीवाल्याला हवा असतो आकार. पातळ फिल्मच्या दोन थरांमध्ये केव्हलार किंवा कार्बनचे तंतू वाऱ्याचा ताण जिथे पडतो त्या रेषांवर बसवलेले, वजनाला हलकं, आकाराला पक्कं. हे शीड दिमाखात चालतं आणि मग एक दिवस थर सुटून पापुद्रे निघू लागतात. केव्हलारला तर ऊनच सोसत नाही. प्रवासाला निघालेल्याला हवं असतं आयुष्य: जाड विणलेलं कापड, तिहेरी शिलाई, गुंडाळून ठेवलं तरी ऊन लागू नये म्हणून कडेला जादा पट्टी, आणि वारा वाढला की शीड लहान करता यावं म्हणून दोरांच्या दोन-तीन ओळी. विक्रेत्याला ‘किती पळेल’ हे विचारूच नये, ते तो न विचारता सांगतो. ‘मरेल कसं’ ते विचारा. पिशवीवरचं उत्पन्न वाचून आणि बोंडअळी विसरून पेरणी केल्यावर 2017 मध्ये काय झालं, ते आपल्याकडे कुणाला सांगायला नको.

शर्यतीच्या बाजूचं एक खरं प्रकरण ध्यानात ठेवा, गप्पांत उपयोगी पडतं. ऑलिंपिकमधली एकट्याने चालवायची लेझर होडी, जिला आता आयएलसीए म्हणतात, तिचं शीड सगळ्यांना सारखंच लागतं, मोठ्या प्रकारात 7.06 चौरस मीटर. हेतू असा की पैसेवाल्याला फायदा मिळू नये. पण जुनं शीड इतक्या लवकर ढिलं पडे की पैसेवाला प्रत्येक मोठ्या स्पर्धेला कोरं शीड काढी आणि बाकीचे गेल्या वर्षीचं ठिगळ घेऊन उभे राहत. समता नियमात होती, पिशवीत नव्हती. शेवटी 2016 च्या सुमारास त्याच मापाचं, पण जाड कापडाचं आणि वेगळ्या कापणीचं शीड आलं. खलाशांनी त्याची तारीफ केली ती वेगासाठी फारशी नाही, जास्त टिकतं यासाठी. खलाशी असं खरं क्वचितच बोलतो, म्हणून हे प्रकरण मला आवडतं.

प्रवासाच्या बाजूला ‘गोल्डन ग्लोब’ शर्यत घ्या. तिथे 1968 च्या काळाला शोभेल असंच सामान चालतं, शिडंसुद्धा साध्या विणीचीच. 2023 मध्ये आपला अभिलाष टॉमी 236 दिवस एकटा समुद्रावर काढून तीत दुसरा आला. वाटेत मोडलेल्या सुकाणूयंत्राचं पातं करायला त्याने होडीतल्या संडासाचं दार कापलं. मूळ 1968 च्या शर्यतीतला रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तर मुंबईत बांधलेल्या ‘सुहेली’तून 312 दिवसांत न थांबता जग फिरून आला. भर समुद्रात शीड शिवताना त्याची मिशी टाक्यात अडकली, आणि ती त्याला हिसका देऊन सोडवावी लागली. तात्पर्य शोधू नका. शिवणकाम शिकून घ्या, आणि मिशी असेल तर आधी ठरवा.

प्रत्यक्ष पाण्यावर पहिला दिवस. होडी वाऱ्याच्या तोंडावर धरून शीड चढवा. चढलं की ते फडफडेल. हा फडफडाट छायाचित्रात फार शोभून दिसतो आणि कापडाचं आयुष्य खातो, तेव्हा फोटो एकच काढा. दोर हळूहळू ओढा, फडफड थांबेल तिथे थांबा. मग होडीच्या तळाशी बसून वर बघा. शिडाला पोट असतं. ते पुढच्या कडेपासून साधारण चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांवर, म्हणजे मध्याच्या किंचित पुढे हवं. जुन्या शिडाचं पोट मागे सरकतं आणि मग वारा होडीला पुढे ढकलण्याऐवजी आडवी पाडू बघतो. पुढच्या कडेजवळ दोन्ही बाजूंना लोकरीचे धागे चिकटवलेले असतात. दोन्ही सरळ मागे उडत असतील तर गप्प बसा, सगळं ठीक आहे. वाऱ्याकडच्या बाजूचा धागा नाचू लागला तर दोर ओढा. आडोशाच्या बाजूचा नाचू लागला तर सोडा. एवढं जमलं की तुम्ही काठावरच्या नव्वद टक्के तज्ज्ञांच्या पुढे गेलात. हा आकडा माझ्या पदरचा.

थेट वाऱ्याच्या दिशेने होडी जात नाही, पंचेचाळीस अंशांच्या आसपास तिरकी, मग उलट तिरकी, अशी नागमोडी न्यावी लागते. काठावर उभं राहून “सरळ काऊन नेत नाही बे?” म्हणून ओरडणाऱ्या मित्राला समजावण्यात वेळ घालवू नका. त्याला पुढच्या फेरीत होडीत बसवा आणि दोर हातात द्या.

अनुभव सांगण्याची पद्धत अशी. सुरुवात नेहमी वाऱ्याच्या तक्रारीने करावी: “वाराच नव्हता, नाहीतर...” किंवा “वारा इतका होता की...”. मधलं कधीच नसतं. मग शिडाचं नाव, मग कापडाचं वजन. ऐकणाऱ्याला औंसातलं काही कळत नाही, म्हणूनच ते औंसात सांगावं. हरलात तर दोष कापणीचा, जिंकलात तर हात तुमचा. कापणी बिघडली असं म्हणायचंच तर ती शिवणाऱ्या माणसासमोर म्हणू नये, कारण तो फक्त एवढंच विचारेल की कोपऱ्याचा दोर किती ओढला होता.

चार-सहा वर्षांनी शीड निकामी झालं की शेवटचा धोका उभा राहतो. घरचे म्हणतील, कापड तर चांगलं मजबूत हाय, वेचलेल्या कापसावर झाकायला होऊन जाईल. अजिबात देऊ नका. ऊन खाल्लेल्या डेक्रॉनचे तंतू सुटतात, कापसात मिसळतात आणि जिनिंगला गेल्यावर सापडतात. कृत्रिम धागा दिसला की व्यापारी प्रत उतरवतो आणि चुकाऱ्यातून पैसे कापतो. कापसावर सुती चादर टाका. शीड ट्रॅक्टरवर टाका, वावरातल्या मोटारीवर टाका, गोठ्याच्या पावसाकडच्या बाजूला बांधा. बांधताना कोपऱ्यातल्या पितळी कड्यांतून दोरी घ्या. त्या कड्या शिडाहून जास्त टिकतात.