तिसरं पोर आणि तिसावा दिवस

कुंपणापलीकडं आक्कांनी जुन्या लुगड्यावर मिरच्या पसरल्या होत्या. संकेश्वरी तिखटाला, ब्याडगी रंगाला. डंकावर न्यायच्या आधी देठं मोडायचं काम चाललेलं, म्हणजे हात गुंतलेले आणि तोंड मोकळं. मी कपडे वाळत घालायला गेले आणि सापडले.

"वैनी, मंत्र्यास्नी घरी बसवायचं ते बिल काय ओ?"

"130वी घटनादुरुस्ती. 20 ऑगस्ट 2025 ला अमित शहांनी लोकसभेत मांडली. विरोधकांनी कागद फाडून भिरकावले, मग संयुक्त समितीकडं धाडली."

"म्हंजे बरणीत घातली. मुरू दे."

मी सांगितलं, पाच वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात सलग 30 दिवस अटकेत राहिला, की 31व्या दिवशी खुर्ची सोडायची. मुख्यमंत्री असो, नायतर पंतप्रधान.

"बराबर हाय की! आमच्या ह्यांच्या सरकारी नोकरीत 48 तास कोठडी झाली की निलंबनच. मंत्री काय आभाळातनं पडला?" आक्कांनी एक देठ जरा जोरातच मोडला. "ते नवाब मलिक न्हाईत का, 2022 ला फेब्रुवारीत आत गेले आन् जूनमधी सरकार पडंस्तवर मंत्रीच!"

"खाती काढून घेतली होती त्यांची."

"खातं न्हाई, मंत्री हाय. बिनफोडणीची आमटी."

"पण आक्का, निलंबन म्हणजे काढून टाकणं नव्हं. निर्वाह भत्ता मिळतो, निर्दोष सुटला की परत रुजू. इथं खटला उभा राहायच्या आत पद जाणार. आणि ईडीच्या केसमध्ये महिन्यात जामीन मिळतोय कुणाला? सुटल्यावर परत नेमता येतं म्हणे, पण तवर मुख्यमंत्र्याचं सरकार टिकाय पायजे की."

आक्का थांबल्या. "मग सगळं अटक कोन करतंय त्येच्यावर हाय की."

विरोधकांनी सभागृहात घसा कोरडा केला तो एवढ्याचसाठी.

मग गाडी माहेरावर गेली. आक्कांच्या भाच्याची सून सरपंच झालेली. तिसरं बाळ झालं, पद गेलं. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं मूल झालं की ग्रामपंचायतीत बसता येत नाही.

"आन् आमदाराला?"

"कितीबी चालत्यात."

"शिक्षान?"

"1995 पासनं पुढं जन्मलेल्या सरपंचाला सातवी पास लागते. मंत्र्याला अट नाही."

26 नोव्हेंबर 1949 ला घटना समितीत राजेंद्रप्रसादांनी हीच खंत बोलून दाखवली होती. कायदा राबवणाऱ्याला पात्रता हवी आणि करणाऱ्याला निवडून येण्यापलीकडं काहीच नको, हे त्यांना खटकलं होतं. त्या समितीत आपले रत्नाप्पाण्णा कुंभारही सभासद होते. आक्कांना एवढंच पुरलं.

"आण्णास्नी इचाराय पायजे हुतं." जणू ते परवाच पेठेत भेटले होते. खरं म्हणजे शिक्षणाची अट घातली असती तर तेव्हा निम्म्याहून जास्त देश उभाच राहिला नसता, असं मी म्हणणार होते. पण तेवढ्यात ठसका लागला.

"डंकावनं आली की वाटीभर चटणी देतो," आक्का देठं झाडत म्हणाल्या. "आन् भाच्याच्या सुनंला सांगतो, आता आमदारकीलाच उभी ऱ्हा म्हनावं."