काटा आणि टिकली

मोटार चालवणाऱ्याला आपला खरा वेग कळला पाहिजे. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि एवढ्यासाठी माझे तीन महिने गेले.

माझी मारुती ८०० १९९८ सालची, एमएच-१२ पासिंगची. आईला दवाखान्यात नेणं, मंडईतून आंब्याची पेटी आणणं, महिन्यातून एकदा पनवेलला बहिणीकडे जाणं ही कामं ती आजही नेटाने करते. मागच्या उन्हाळ्यात तिचे टायर बदलायला आले. मूळ माप १४५/७० आर १२. टायरवाला म्हणाला, "ते आत्ता नाही साहेब, १४५/८० टाकतो. काही फरक पडत नाही."

फरक पडतो. या मापाने चाकाचा घेर सुमारे १६० सेंटिमीटरवरून १६९ वर जातो. जुन्या गाडीतला काटा जमिनीवर कापलेलं अंतर मोजत नाही. गिअरबॉक्समधून एक तार मीटरपर्यंत येते आणि तिथे चुंबक फिरवते. ते चुंबक ॲल्युमिनियमच्या वाटीला आपल्याबरोबर ओढू पाहतं, बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते, आणि या ओढाताणीत काटा कुठेतरी थांबतो. चाक मोठं झालं हे त्या तारेला कोण सांगणार? शिवाय वर्षानुवर्षांनी चुंबकाचा जोर उतरतो आणि काटा आणखी मागे पडतो.

मला शंका आली म्हणून एका सकाळी उर्से टोलनाक्याच्या पुढे, मोकळ्या रस्त्यावर, काटा ८० वर धरून ठेवला. शेजारी बायको घड्याळ घेऊन बसली. किलोमीटरच्या एका फलकापासून पुढच्या फलकापर्यंत ४२ सेकंद लागले. तीनदा मोजले, तिन्ही वेळा ४२. ताशी ८० ला ४५ सेकंद लागायला हवेत. म्हणजे मी ८६ ने चाललो होतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर घाटात मोटारींना ६० ची मर्यादा आहे आणि २०२४ पासून तिथले कॅमेरे वेग मोजतात. काटा ६० दाखवत होता तेव्हा मी ६४ ने उतरत होतो. कायद्यात हलक्या वाहनाला यासाठी १००० ते २००० रुपये दंड आहे. पैशाचं एक वेळ सोडा. नियम पाळतोय अशा समजुतीत नियम मोडत राहणं मला सहन होत नाही.

खरा वेग दाखवणारं यंत्र शोधायला पुण्यात नाना पेठेत गेलो. पहिल्या चार दुकानांत जे यंत्र दाखवलं ते गाडीच्या संगणकाच्या सॉकेटला जोडायचं होतं. माझी गाडी कार्बोरेटरची, तिच्यात असलं सॉकेटच नाही. पाचव्या दुकानात उपग्रहावर चालणारं मिळालं, काडेपेटीपेक्षा थोडं मोठं. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. आपण हललो की त्यांच्या लहरींची वारंवारता किंचित बदलते आणि त्यावरून वेग काढता येतो. अमेरिकेने नागरी वापरासाठीचे संकेत मुद्दाम बिघडवणं २ मे २००० ला थांबवलं, तेव्हापासून हे मोजमाप सामान्य माणसाच्या उपयोगाचं झालं. मोकळ्या आकाशाखाली एकसारख्या वेगाने जाताना हा आकडा विश्वासाचा असतो. टायर, तार, चुंबक यांचा त्याच्याशी काही संबंध नाही. तत्त्वाबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

तक्रार यंत्र बनवणाऱ्यांबद्दल आहे. ते सुरू होतं मैलांत. किलोमीटर आणायला बटण पाच सेकंद दाबून धरायचं, मग तीनदा दाबायचं, मग पुन्हा धरायचं. स्टार्टर मारताना लायटर सॉकेटचा करंट क्षणभर तुटतो आणि यंत्र परत मैलांवर जातं. कर्वे रस्त्यावर सिग्नलला गाडी बंद केली की हा सगळा विधी पुन्हा. त्या रस्त्यावर डोक्यावर मेट्रोचा पूल आहे, आकाश दिसतं चिंचोळं, त्यामुळे उभ्या गाडीला ते ताशी ३ किलोमीटर वेग लावतं. ब्रेक दाबला की आकडा साधारण सेकंदभर उशिरा उतरतो. बोगद्यात शिरलो की नुसत्या रेघा. यंत्राचा आकडा पुढच्या काचेवर उमटतो आणि तिथे तो दुहेरी दिसतो, कारण त्या काचेला दोन पृष्ठभाग असतात. ते टाळायला काचेवर लावायची पातळ पट्टी एप्रिलच्या उन्हात सोलून खाली आली.

आणि घड्याळ. उपग्रह जागतिक वेळ पाठवतात, आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. या यंत्रात तास वाढवता येतात, अर्धा तास वाढवता येत नाही. सगळ्या भारताची वेळ या अर्ध्या तासावर चालते. इथे विकायची वस्तू बनवताना एकालाही हे आठवू नये? पुण्यात माझ्या गाडीत कायम अर्धा तास कमी किंवा अर्धा तास जास्त वाजलेले असतात.

"मोबाइलवर ॲप लाव ना," असं सोसायटीत तिघांनी सांगितलं. "गाडी विकून टाक," असं पाच जणांनी. १ जुलै २०१९ नंतर बनलेल्या मोटारी ८० ओलांडल्यावर वाजतात, १२० नंतर सतत वाजतात, हेही ऐकवलं. पण ज्यांच्या गाड्या त्याआधीच्या आहेत त्यांनीही वेग पाळायचा आहे, आणि कॅमेरा गाडीचं वय विचारत नाही.

भाजीवाल्याच्या तराजूवर वैधमापन विभागाचा शिक्का लागतो. रिक्षाचं मीटर तपासून घ्यावं लागतं. पेट्रोल पंपाचं माप तपासलं जातं. हे योग्यच आहे, कारण त्या मापावर पैसे ठरतात. गाडीच्या काट्यावर दंड ठरतो, आणि घाटातल्या वळणावर जीवही. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमात काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू नये असं म्हटलं आहे. जास्त दाखवलेलं चालतं, तेही वेगाचा दहावा हिस्सा अधिक चार किलोमीटर इथपर्यंत. पण हे सगळं नव्या गाडीच्या मंजुरीसाठी. टायर बदलल्यावर, तार बदलल्यावर काटा खरा आहे का हे पुण्यात रीतसर पाहून देणारी जागा मला सापडली नाही. एखाद्या सरळ रस्त्यावर मोजून आखलेला एक किलोमीटर, दोन्ही टोकांना दोन ठळक पट्टे, एवढं जरी केलं तरी कोणीही घड्याळ लावून आपला काटा तपासू शकेल. याला रंगाचा एक डबा लागेल. टायरवाल्यांनीही माप बदलताना "फरक पडत नाही" म्हणणं सोडून द्यावं.

तोवर बायकोने मार्ग काढला. यंत्र ६० दाखवतं तेव्हा आमचा काटा ५६ वर असतो, आणि १०० ला ९३ वर. तिने पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं आणि मीटरच्या काचेवर या दोन जागी दोन लाल टिकल्या लावल्या. परवा पनवेलला जाताना माडपच्या बोगद्यात यंत्रावर रेघा आल्या. मी काटा पहिल्या टिकलीच्या खाली ठेवला आणि तसाच बाहेर पडलो. बाहेर आल्यावर काही क्षणांनी यंत्रावर आकडा उमटला: ५९.